माशाचे पाठभेद

शोभेच्या माशांच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशवीतून मिळणारा निळ्या पट्ट्यांचा झेब्रामासा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गंभीर अभ्यासाचा विषय आहे. त्याचा गर्भ पारदर्शक असतो. हृदय घडताना दिसते. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे प्रतिरूप त्याच्यापाशी आहे. एखादे जनुक निकामी केले तर काय बिघडते, हे पाहण्यासाठी २०१३ पासून या माशात ‘क्रिस्पर’ची कात्री वापरली जाते. कुठे कापायचे हे तिला सुमारे २० अक्षरांच्या एका मजकुराने सांगावे लागते. हेच लक्ष्य. संगणक अशी लक्ष्ये भराभर सुचवतो. पण त्यांतली काही नीट कापली जातात, काही मुळीच नाहीत. मासा तीनेक महिन्यांत वयात येतो खरा, तरी बदललेल्या जनुकाचा स्थिर वंश मिळायला दोनतीन पिढ्या जातात.

म्हणून पारखलेल्या लक्ष्यांचा ‘क्रिस्पर-झी’ हा खुला कोश २०१६ साली प्रसिद्ध झाला, याचे आम्हांला मोल वाटते. मात्र नुसती यादी पुरेशी नाही. झेब्रामाशाची प्रमाण जनुकसंहिता जर्मनीतल्या ट्यूबिंगेन वाणाची आहे. दिल्लीच्या संशोधकांनी २०१३ साली आसामातून आणलेल्या वाणाची संहिता तिच्याशी ताडून पाहिली, तेव्हा एकेका अक्षराचे ५० लाखांहून अधिक भेद निघाले. असा एक भेद लक्ष्यात पडला तरी कात्री अडू शकते. मग ‘पारखलेले’ म्हणजे कोणत्या वाणावर पारखलेले?

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परका वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाकारलेले पाठही तळाशी, पोथीच्या निर्देशासह छापले आहेत. संपादकांचा निर्णय ज्याला अमान्य असेल त्याला त्याच पानावर साधन मिळते. लक्ष्यासोबतही वाण, पारखण्याची रीत आणि फसलेल्या लक्ष्यांची नोंद यायला हवी. फसलेले कोणी छापत नाही, त्यामुळे तीच चूक दुसऱ्या प्रयोगशाळेत नव्याने घडते. (टिपणे पदवी हाती येईपर्यंत कुलपात ठेवणारे आमच्या क्षेत्रातही आहेत, तेव्हा शास्त्रज्ञांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला थोडाच!)

श्रेय हिरावले जाईल, ही भीती खोटी नाही. विशेषतः तरुण संशोधकाची. पण त्यावर उपाय आहे: प्रत्येक नोंद पारखणाऱ्याच्या नावाने असावी आणि ती वापरणाऱ्याने तिचा निर्देश करणे बंधनकारक असावे. अनुदान देणाऱ्या संस्थांनी अंतिम अहवालासोबत फसलेली लक्ष्येही, वाणाच्या नावासह, मागून घ्यावीत.