कॅमेरा शिकायचाय? घरी असं सांगा

बारावीनंतर फोटोग्राफीला जातो म्हटलं की आपल्या घरांत दोन प्रश्न येतात. जायज आहे का, आणि पोट भरेल का? दुसरा प्रश्न जास्त खरा आहे, म्हणून पहिला लवकर उरकतो.

तसवीर जायज की नाजायज यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. पण हजला जाणाऱ्याच्या पासपोर्टवरही फोटो लागतोच. मदिनेचे सर्वांत जुने फोटो १८६१ साली काढले ते इजिप्तच्या लष्करातल्या मुहम्मद सादिक बे या अधिकाऱ्याने. वीसेक वर्षांनी मक्केतही तो कॅमेरा घेऊन गेला. एवढं घरी सांगा आणि पुढे चला.

आता पोटाचं. छोट्या शहरातल्या कॉलेजात फोटोग्राफीचा डिप्लोमा किंवा बी.व्होक. केलं म्हणून नोकरी दारात येत नाही. वर्तमानपत्रांत पगारी फोटोग्राफरच्या जागा थोड्याच उरल्यात. सना इर्शाद मट्टू काश्मीरच्या केंद्रीय विद्यापीठात पत्रकारिता शिकल्या आणि २०२२ चं पुलित्झर मिळालेल्या रॉयटर्सच्या चौघांत होत्या. त्याच चौघांत दानिश सिद्दिकी होते, मरणोत्तर. त्यांनी सुरुवात टीव्ही वार्ताहर म्हणून केली होती. अभिमान वाटावा अशी ही माणसं, पण अपवाद. घरभाडं त्यांच्या नावावर निघत नाही.

ते निघतं लग्नांवर. आणि इथे आपल्या मुलींसाठी एक दार उघडं आहे. निकाहात बायकांची बैठक वेगळी, तिथे पुरुष फोटोग्राफर चालत नाही. गावात फोटोग्राफर बाई नसते. मग एखादी चुलत बहीण मोबाईलवर जमेल तसं टिपते, नवरी कायम सावलीत. हे काम शिकलेल्या मुलीचंच आहे. त्यात लेन्सपेक्षा मोठं भांडवल विश्वासाचं: फोटो स्वतःच एडिट करायचे, पेन ड्राइव्हवर द्यायचे, विचारल्याशिवाय एकही इन्स्टाग्रामवर टाकायचा नाही. 'रात्री उशीर होतो' हा घरचा आक्षेप येणारच. दोघी मैत्रिणी मिळून काम घ्या. भावाला सोबत पाठवायचाच हट्ट असेल, तर त्याला गाडी चालवायला पाठवा.

आणि लिहून घ्यायची सवय लावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं की पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक तो गिऱ्हाईक. म्हणजे तुमचाच फोटो तुमच्या कामाचा नमुना म्हणून दाखवायचा असेल, तरी परवानगी कागदावर हवी. निम्मे पैसे आगाऊ, हेही त्याच कागदावर. नातेवाइकांकडूनसुद्धा. त्यांच्याकडून तर आधी!

पण फक्त लग्नंच काढत राहू नका. २००२ मध्ये अहमदाबादेत हात जोडून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या कुतुबुद्दीन अन्सारींचा, एका शिंप्याचा, फोटो आर्को दत्ता यांनी टिपला. फोटो खरा होता, गरजेचाही होता. पुढे तो इतक्या जणांनी इतक्या कारणांसाठी वापरला की त्या माणसाला स्वतःचाच चेहरा जड झाला. आजही मुसलमानांबद्दलची कुठलीही बातमी असो, सोबत बुरख्यातली पाठमोरी बाई नाहीतर टोप्यांची रांग असते. मालेगावच्या लूमवर रात्रपाळी करणारा, एमपीएससीचा अभ्यास करणारी, वलीम्याच्या देगा घासणारी माणसं कोण टिपणार? बाहेरचा येतो तो दंगलीला नाहीतर ईदला. तुम्ही रोज तिथेच असता.

प्रवेश घेण्याआधी एकदा कॉलेजात जाऊन या. माहितीपत्रक राहू दे. स्टुडिओचं कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडतं, किती मुलांत एक कॅमेरा मिळतो, बिल कसं करायचं हे कोणी शिकवतं का, ते शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. त्यांनी काढलेले फोटो बघायला मागा. दाखवायला काहीच नसेल, तर फी भरू नका. त्या पैशात सेकंडहँड कॅमेरा घ्या आणि एखाद्या चांगल्या फोटोग्राफरकडे दोन लग्नसराया मदतनीस म्हणून काढा.