सवय कुणाची, बाटली कुणाची

आपल्या वस्तीत एक भाषण ठरलेलं असतं. पांढऱ्या कपड्यातला कुणीतरी येतो, माइक धरतो न् म्हणतो, तुमच्या लोकांनी वाईट सवयी सोडाव्यात. शेजारच्या खुर्चीवर साखर कारखान्याचा संचालक. कारखान्याच्या मळीपासून स्पिरिट, स्पिरिटापासून देशी. ऊस तोडायला आपला माणूस, प्यायला आपला माणूस, उपदेश ऐकायलाही आपलाच. वा रे सुधारणा!

सवय म्हणजे काय? हुकूम सोडावा लागत नाही, हात आपसूक चालतो, ती सवय. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा आंबेडकर नावाचं पोरगं दाखल झालं. बसायला कोपऱ्यात गोणपाट. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. साताऱ्यात न्हावी ढीगभर, पण केस कापायचे बहिणीनं. रोज उठून कुणी फतवा काढत नव्हतं. मास्तर, शिपाई, न्हावी, सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं.

२०१७ पासून सरकार त्या तारखेला विद्यार्थी दिवस पाळतं. आणि २०२३ साली मिरज तालुक्यातल्या बेडगला बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली. आपली कुटुंबं गाव सोडून मुंबईच्या वाटेला लागली. या व्यसनाचं केंद्र कुठल्या तालुक्यात उघडलंय? पत्ता द्या, पेशंट आम्ही आणून देतो.

पण त्यांची सवय दाखवून आपली बाटली झाकता येत नाही. काही कवीमित्र म्हणतात, दारू म्हणजे बंड. कसलं डोंबलाचं बंड? ज्या बंडावर सरकार कर घेतं आणि मालक नफा, ते बंड नव्हे, गिऱ्हाईकी.

एकट्याला सोड म्हणणं फुकट आहे. गोदीत पगार झाला की टोळीच्या टोळी गुत्त्याकडं वळते. पाय तिकडं का वळले, हे कुणी ठरवलेलं नसतं. त्यात एकानं नाही म्हटलं तर तो टोळीतनं तुटला. म्हणून टोळीनंच वाट बदलायची. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते एकेकट्याच्या कानात नाही, भर परिषदेत. वस्त्याच्या वस्त्यांनी ते टाकलं. वरून गावकीचा मार खाल्ला, तरी टाकलं. चवदार तळ्यातही ओंजळी एकत्रच बुडाल्या. बायकांनी आडवी केलेली बाटलीही तशीच: २००८ च्या नियमानं चौथा हिस्सा बायकांच्या सह्या, मग मतदान, आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांची मतं. घरात नवऱ्याशी एकटी भांडून जे दुकान हललं नाही, ते असं बंद करता येतं.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची एक आहे. ती म्हणणारी तोंडं १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेमागं कशानं वास मारतात?

सांगली, मिरज, सातारा, कराडच्या मंडळांनो, यंदा जयंतीचा हिशोब चौकात फळ्यावर लिहा. पै न् पै. वर्गणीतनं बाटली निघाली, तर मंडळाचं नाव याच पानावर छापू.