भिंतीवरचा शब्द आणि मैदानाची वाट

गेरूने भिंती रंगविणाऱ्या कार्यकर्त्याला शब्दाचे मोल सांगावे लागत नाही. म्हणूनच २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकसाठी काढलेल्या एका भित्तिपत्रकाची दखल त्याने घ्यावी. फिओना बॅनर या चित्रकर्तीने त्यात खेळाडूचे चित्र काढलेच नाही. अपंग खेळाडूच्या देहाचे वर्णन केवळ शब्दांत केले. चित्र पाहणाऱ्याची नजर प्रथम उणिवेकडे धावते. वाचणाऱ्याला मात्र तो देह ओळीओळीने समजून घ्यावा लागतो. शिवाय असे भित्तिपत्रक अंध मुलालाही वाचून दाखविता येते.

तथापि त्याच्या शीर्षकात ‘अतिमानवी’ हे विशेषण आहे, आणि तेथे सावध राहिले पाहिजे. माणसाला अतिमानव ठरविले की त्याच्यासाठी काही करण्याची जबाबदारी समाजावर उरत नाही. आपल्या सरकारी परिभाषेत रूढ झालेल्या ‘दिव्यांग’ या शब्दातही हाच धोका आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन स्थापन केले. कुष्ठरोगाने बोटे गमावलेल्या माणसांनी तेथे पडीक जमीन पिकविली. त्यांना दिव्यत्व नको होते; जमीन, अवजारे आणि काम हवे होते. खेळाचेही तसेच आहे. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर उपचारांचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी भारतासाठी पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक जिंकले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. गौरवाचे शब्द असे उशिरा येतात. तलाव मात्र वेळेवर मिळावा लागतो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ३० ने खेळातील सहभागाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. परंतु पर्लकोटेच्या पुराने वर्षानुवर्षे जगापासून तुटत आलेल्या भामरागडच्या मुलाला हे कोणी सांगावे? कुबड्या घेऊन शाळेत येणाऱ्या मुलीला मैदानात उतरण्यासाठी साधा उतार तरी आहे काय?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांच्या भिंतींवर पेटकरांचे नाव जरूर लिहावे. मराठीत लिहावे, माडिया-गोंडीतही लिहावे. मात्र त्याच्या खाली हे कलम ठळक अक्षरांत लिहावे आणि पुढच्या ग्रामसभेत मैदानाच्या उताराचा ठराव मांडावा. उतार बांधून होईपर्यंत ती अक्षरे पुसट होऊ देऊ नयेत.