शिडी आणि वळण

दिवाळीत नातू घरी येऊन गेला. तुमसरला दहावी, मग आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन, आणि आता चाकणच्या एका कारखान्यात. तिथे खोकी उचलून रचणारा रोबो आहे. एका रात्रपाळीत तो अडला, सकाळपर्यंत लाइन बंद राहिली आणि बोलणी आमच्या नातवाला बसली.

"आबाजी, बाकी सारी लाइन लॅडरमध्ये आहे, ती मी झोपेतही वाचतो. रोबोचा प्रोग्राम मात्र त्याच्या वेगळ्याच भाषेत. रात्री तो वाचणारा कोणीच नसतो."

लॅडर म्हणजे शिडी. दोन उभ्या रेषा, मध्ये पायऱ्या. पायरीवर डावीकडे अटी, उजवीकडे काय घडायचे ते. बटण दाबले आहे आणि दार बंद आहे, तर मोटर सुरू. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सला रिलेंनी भरलेली कपाटे नकोशी झाली, त्यातून मोडिकॉन ०८४ सारखे पीएलसी आले. यंत्र नवे आले, पण नकाशा इलेक्ट्रिशियनच्या ओळखीचाच ठेवला. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या मला हे ऐकून फार बरे वाटले.

रोबोची अडचण मात्र खरी आहे. पीएलसी शिडी वरून खाली वाचतो, संपली की पुन्हा वरून, दर काही मिलिसेकंदांनी. 'हात इथे पोचला का? पोचला. मग पुढे जा' असे पायरी-पायरीने लिहिले, तर हात प्रत्येक बिंदूवर थांबतो आणि झटका देऊन पुढे निघतो. पहिलीतले पोर कित्ता गिरवताना टोकाटोकाला पेन्सिल थांबवते, तसेच. गोलाई हवी तर पहिली हालचाल संपायच्या आत दुसरी सांगून ठेवावी लागते. मग पहिलीचा वेग उतरता उतरता दुसरीचा चढतो आणि कोपरा वळणाने कापला जातो. मोडी लिहिणारे बोरू न उचलता असेच पुढे जात. (आजोबांची मोडी मला कधी वाचता आली नाही, ते सोडा.) पण कोपरा कापला की हात नेमका त्या बिंदूला शिवत नाही. म्हणून गोलाई मधल्या बिंदूंना द्यायची. खोके धरायच्या आणि ठेवायच्या जागी पूर्ण थांबायचे.

शिकलेली मंडळी म्हणतात, हे शिडीचे काम नव्हे. अर्धे खरे आहे. वळणाचे गणित शिडीत मांडणे हा वेडेपणाच. पण ते गणित रोबोच्या नियंत्रकाने करावे की! शिडीत फक्त कुठे जायचे, किती वेगाने, कोपरा किती गोल आणि कोणत्या अटीवर, एवढेच असावे. पीएलसीओपन या संस्थेने अशा हालचालींचे ठराविक ठोकळे ठरवून दिले आहेत. यास्कावासारख्या रोबो बनवणाऱ्या कंपन्याही शिडीतून वापरता येतील असे ठोकळे देतात. रोबोच्या स्वतःच्या भाषेतल्या काही करामती त्यात जमणार नाहीत. न जमोत. खोकी रचायला त्या लागतात कशाला?

३६ वर्षे शिकवले. 'ढ' म्हणून मागे बसवलेली किती पोरे धड्याने नव्हे, भाषेने अडली होती, हे मला फार उशिरा कळले. म्हणून नातवाला बसलेली बोलणी मला लागली.

जायच्या आदल्या रात्री त्याने माझ्याच वहीत पायऱ्या काढून दाखवल्या. पहिली हालचाल सुरू होताच दुसरी रांगेत लावायची ती पायरी त्याने दोनदा खोडली, तिसऱ्यांदा जमली. पान फाडून घेऊन गेला. काल फोन आला होता. साहेब 'पाहू' म्हणालेत.