एन्ट्रन्स न देता आलेली माणसं

एन्ट्रन्स जितकी अवघड, तितकं कॉलेज भारी, हे आपलं गणित एकदम पक्कं असतं. ते जरा पॅरिसच्या ईएसपीसीआयला लावून बघा.

फ्रान्समध्ये विद्यापीठांपेक्षा वेगळी, चुरशीच्या परीक्षेतून प्रवेश देणारी कॉलेजं असतात. त्यांना ‘ग्रांदेकोल’ म्हणतात. ईएसपीसीआय त्यातलंच, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचं इंजिनीअरिंग कॉलेज. बहुतेक मुलं शाळा संपल्यावर दोन वर्षं फक्त प्रवेशपरीक्षेची तयारी करतात. मग लेखी, मग तोंडी. आणि वर्षाला आत येतात शंभराच्या आसपास. कोटा फॅक्टरी वगैरे आठवली असेल, तर बरोबरच आहे.

पण ज्यांच्यामुळे या कॉलेजचं नाव जगभर झालं, ती माणसं आत कशी आली?

अल्सास प्रांत जर्मनीकडे गेला आणि त्याबरोबर तिथली रसायनशास्त्राची नामांकित शाळाही गेली. ती उणीव भरून काढायला १८८२ मध्ये पॅरिस महापालिकेने हे कॉलेज काढलं. प्रॅक्टिकल्स घ्यायला २३ वर्षांचा एक तरुण नेमला, पिएर क्युरी. हा लहानपणी शाळेत गेलाच नव्हता, घरीच शिकला होता. डॉक्टरेट नव्हती. स्वतःची लॅबही नव्हती, जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये त्याचे प्रयोग चालायचे. डॉक्टरेट मिळाली थेट १८९५ मध्ये, म्हणजे बारा-तेरा वर्षं मुलांची प्रॅक्टिकल्स घेतल्यावर.

मेरी क्युरी तर इथली विद्यार्थिनीही नव्हती आणि नोकरीलाही नव्हती. पिएरची बायको आणि पोलंडहून आलेली एक संशोधक, एवढीच तिची कॉलेजमधली ओळख. संचालक शुत्सेनबेर्जे यांनी तिला तिथे काम करू दिलं. १८९८ मध्ये दोघांनी पोलोनियम आणि रेडियम शोधलं. पुढे कॉलेजच्या आवारातल्या गळक्या छपराच्या शेडमध्ये मेरीने खनिजाचा टनावारी चोथा उकळला, ढवळला. १९०२ पर्यंत त्यातून हाती आला ग्रॅमचा जेमतेम दहावा भाग रेडियम क्लोराइड. शुत्सेनबेर्जेंनी तिला आधी ‘तुमची रँक किती?’ विचारलं असतं, तर?

हां, परीक्षा देऊन आलेल्यांनी काहीच केलं नाही असं मात्र नाही. पॉल लांजव्हँ इथलाच विद्यार्थी, पिएरच्या हाताखाली तयार झालेला. क्वार्ट्जचा स्फटिक दाबला की वीज निर्माण होते, हे पिएरने भावाबरोबर १८८० मध्ये दाखवलं होतं. पहिल्या महायुद्धात लांजव्हँने तोच क्वार्ट्ज वापरून पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकायचं तंत्र उभं केलं. पुढे तो इथलाच संचालक झाला. त्याचा विद्यार्थी फ्रेडरिक जोलिओ, तोही नोबेल विजेता. म्हणजे चाळणीतून चांगली मुलं येतात, यात वाद नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. या मुलांना घडवलं ते आत आल्यावर लॅबमध्ये, आणि घडवणारा पहिला माणूस चाळणीबाहेरचा होता.

ही गोष्ट नेमकी ओळखली पिएर-जिल द जेन यांनी. १९७६ ते २००२ ते इथले संचालक होते. फ्रेंच शिक्षणात गणिताला देव्हाऱ्यात बसवलंय आणि हाताने काम करणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवलंय, ही त्यांची कायमची तक्रार. त्यांनी छोट्या गटांत शिकवणं सुरू केलं, इंजिनीअरिंगच्या मुलांना जीवशास्त्र शिकायला लावलं. १९९१ मध्ये नोबेल मिळाल्यावर सत्कार घेत फिरण्याऐवजी देशभरातल्या शाळांमध्ये जाऊन मुलांशी बोलले. त्यांची आवडती गोष्ट रबराची: अमेझॉनच्या खोऱ्यातले लोक पायाला झाडाचा चीक फासून बूट बनवायचे, पण ते दिवसभरातच तुटायचे. पुढे गुडइयरने त्यात गंधक मिसळून तापवलं आणि रबर टिकाऊ झालं. साधारण २०० कार्बन अणूंमागे एकावर गंधकाची प्रक्रिया झाली की पुरतं! हे फळ्यावरच्या समीकरणातून आधी सुचत नाही, हात चिकट करूनच कळतं.

इथेच काम करणारे जॉर्ज शारपाक आणखी खाली उतरले. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९९६ मध्ये प्राथमिक शाळांसाठी विज्ञानाचा उपक्रम सुरू केला. त्याच्या नावाचा साधा अर्थ ‘कणकेत हात’. मुलांनी आधी करून बघायचं, मग वहीत लिहायचं. (आपण जर्नल आधी उतरवतो आणि रीडिंग्ज मागून जुळवतो, ते सोडा.)

एवढं सगळं झालं, पण गेट तेच राहिलं. आजही बहुतेक मुलं दोन वर्षं गणितं सोडवून, तासांच्या हिशेबात पेपर लिहूनच आत येतात. द जेन यांना आतलं सगळं बदलता आलं, दार नाही. विद्यापीठांतून वेगळ्या मार्गाने येणाऱ्यांसाठी थोड्या जागा आहेत. माझं मत विचाराल तर त्या वाढवायला हव्यात, आणि त्या जागांसाठी तरी पेपरऐवजी उमेदवाराला दोन दिवस लॅबमध्ये सोडावं, एक बिघडलेलं उपकरण हातात द्यावं आणि तो काय करतो ते बघत बसावं.