लाइट आली का?

'लाइट' हा शब्द इंग्रजी आहे, हे आपण केव्हाच विसरलोय. महिन्याला येतं ते लाइटबिल, अंधार पडला की 'लाइट लाव', शर्टाचा रंग लाइट, सकाळचा नाश्ताही लाइट. आणि सबमिशनचं टेन्शन घेतलेल्या मित्राला सल्ला एकच, 'लाइट घे रे!'

पण राहुरी, संगमनेरकडच्या वस्तीवरून कॉलेजला येणाऱ्या एखाद्या मित्राला विचारून बघा. त्याच्याकडे 'लाइट आली' म्हणजे थ्री फेज आली, मोटार चालू करायची. घरात बल्ब, टीव्ही सुरू असला तरी शेतात 'लाइट' नसते. तिचं वेळापत्रक वेगळं. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी द्यायला निघायचं. त्याच उसात बिबट्याही असतो. तोच मित्र सकाळच्या लेक्चरला डुलक्या घेतो आणि आपण हसतो.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला झाला. म्हणजे उपाय जिल्ह्याला नवा नाही. तो प्रत्येक शिवारात पोचला पाहिजे, आणि हे विचारायला आपण शेतकऱ्याच्याच घरातले असायला हवं असं नाही.

बाकी कशालाही 'लाइट घे' म्हणा. ही गोष्ट मात्र लाइट घेऊ नका.