दुबळेपणा त्यांचा, शिक्षा कुणाला?



दक्षिण आफ्रिकेतील ग्राफ-रेनेट गावात डच रिफॉर्म्ड चर्चच्या पाद्र्यासाठी 1812 मध्ये घर बांधले गेले. आज ते ‘रेनेट हाउस’ संग्रहालय आहे. पर्यटक जुने फर्निचर पाहून खूश होतात. पण वारसा म्हणजे फक्त फर्निचर नव्हे.

घर उभे राहिले तेव्हा केप वसाहतीत गुलामगिरी कायदेशीर होती. ती 1834 मध्ये संपली, तरी ‘उमेदवारी’च्या नावाखाली 1838 पर्यंत सक्तीची मजुरी चालूच राहिली. 1857 मध्ये याच चर्चच्या धर्मसभेने ठराव केला: एकत्र उपासना शास्त्रसंमत आहे, पण ‘काहींच्या दुबळेपणामुळे’ अडचण येत असेल तर काळ्या ख्रिस्ती लोकांना वेगळी इमारत द्यावी. दुबळेपणा गोऱ्यांचा, बाहेर काढले काळ्यांना! 1881 मध्ये त्यांच्यासाठी वेगळे चर्चच निघाले.

हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. 1927 मध्ये महाडला विटाळाची भीती सवर्णांची होती; लाठ्या आपल्या माणसांनी खाल्ल्या.

वर्णभेदाशी लढलेले रॉबर्ट सोबुक्वे 1924 मध्ये याच गावात जन्मले. वारसा जपायचाच असेल, तर तो ठराव आणि सोबुक्वेंची तसबीर पाद्र्याच्या दिवाणखान्यात समोरासमोर टांगा. त्याशिवाय ते संग्रहालय म्हणजे मालकांची कौतुकगाथा!